तांबं वाचलं, जहाज अडलं

लहानपणी आमच्या वाड्यात वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला यायचा. चौकाच्या कडेला जमिनीत छोटासा खड्डा करायचा, त्यात भात्याचं तोंड पुरायचा आणि कोळसे फुलवायचा. मग बिऱ्हाडाबिऱ्हाडातून पितळेची पातेली, पराती, तपेली बाहेर यायची. तापलेल्या भांड्यात तो चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा, नाकाला झोंबायचा. आम्ही मुलं मागे सरायचो आणि पुन्हा पुढे व्हायचो. मग कथलाची कांडी भांड्याला टेकली की कथील पाघळायचं, कापसाच्या बोळ्याचा हात फिरायचा आणि काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं. ते पाण्यात बुडवताना होणारा 'चर्र' आवाज अजून कानात आहे.

हे सगळं कशासाठी, असं आजीला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "नाहीतर आमटी कळकते." कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक, चिंचेचं सार किंवा आमसुलाची कढी राहिली की हिरवट व्हायची, तोंडात धरवत नसे. चुकून पोटात गेली तर मळमळ, उलट्या. आणि तीच आजी पूजेची तांब्याची उपकरणी मात्र चिंच लावूनच घासायची! आंबट तांब्याला लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुठे लागू द्यायचं आणि कुठे नाही, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता.

पुढे शाळेत धातूंची क्रियाशीलता श्रेणी घोकली. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसं, मग हायड्रोजन, आणि त्याच्या खाली तांबं, पारा, चांदी, सोनं. हायड्रोजनच्या वरचे धातू आम्लात टाकले की आम्लातला हायड्रोजन बाहेर काढून त्याची जागा घेतात. खालचे तसं करू शकत नाहीत. जस्ताचा तुकडा सौम्य आम्लात टाकला की बुडबुडे येतात, तांब्याचा टाकला तर काही होत नाही. मग मला प्रश्न पडला, ताकात तांबं का विरघळतं? उत्तर असं, की तिथे आम्ल एकटं नसतं. हवेतला ऑक्सिजन त्याच्या जोडीला असतो. ऑक्सिजन तांब्यावर थर चढवतो आणि आम्ल तो थर विरघळवून नेतं. दोघांच्या संगनमताने काम होतं. हे संगनमत लक्षात ठेवा. आपल्या आजच्या गोष्टीत ते पुन्हा भेटणार आहे.

ही श्रेणी पुस्तकात एका चौकटीत मावते. पण ती घडायला माणसाला हजारो वर्षं लागली, आणि गंमत म्हणजे ती खालून वर अशी घडली. सोनं नदीच्या वाळूत आयतं सापडतं, कारण ते कुणाशी फारसं जोडलं जात नाही. तांबं त्यानंतरचं, लोखंड आणखी नंतरचं. जस्त तर इतकं हट्टी, की खनिजातून सुटतं ते वाफ होऊनच, आणि हवा लागली की त्या वाफेची राख. राजस्थानातल्या झावर इथल्या कारागिरांनी बंद मुशीतून ही वाफ खाली उतरवून थंड करण्याची युक्ती शोधली होती. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. यादीच्या अगदी वर बसलेले पोटॅशियम आणि सोडियम तर १८०७ पर्यंत कुणी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. जो धातू जितका क्रियाशील, तितका तो इतर मूलद्रव्यांच्या मिठीत घट्ट. तितकाच माणसाच्या हाती उशिरा लागलेला.

ती मिठी सोडवणारा माणूस म्हणजे हम्फ्री डेव्ही. शाळेत आपण त्याला खाणीतल्या सुरक्षादीपाचा संशोधक म्हणून ओळखतो. तो दिवा १८१५ चा. पण मला त्याच्या आयुष्यातली एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. तिच्यात दिव्यासारखं यश नाही. तरीही धातू, आम्ल आणि अल्क यांचं नातं समजून घ्यायला तिच्याइतकी चांगली गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

डेव्ही १७७८ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, पेन्झान्स नावाच्या बंदराच्या गावी जन्मला. पोरवयात औषधं देणाऱ्या एका वैद्याकडे उमेदवारी केली, मग ब्रिस्टॉलला वायूंवर प्रयोग केले आणि १८०१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आत, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. त्याची व्याख्यानं ऐकायला लंडनचा उच्चभ्रू समाज गर्दी करायचा. बोलणं फर्डं, दिसणं देखणं, आणि प्रयोग डोळे दिपवणारे.

त्याच्या हाती नुकतंच एक नवं हत्यार आलं होतं. १८०० साली इटलीतल्या व्होल्टाने जस्त आणि चांदी किंवा तांबं यांच्या चकत्या एकावर एक रचून, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून, अखंड वीज देणारी चळत तयार केली होती. आजच्या बॅटरीची ती पणजी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी त्या विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग करून दाखवले.

पण या प्रयोगात एक विचित्र गोष्ट दिसत होती. शुद्ध पाण्यातून वीज सोडली तरी एका टोकाशी थोडं आम्ल जमायचं आणि दुसऱ्या टोकाशी थोडं अल्क. मग वीज आम्ल-अल्क निर्माण करते की काय? काहींना तसं वाटूही लागलं. डेव्हीला ते पटेना. त्याने काचेचं भांडं बदलून अकीक दगडाच्या वाट्या घेतल्या, पुढे सोन्याची पात्रं घेतली. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. शेवटी सिद्ध झालं, की ते अल्क काचेतून येत होतं आणि थोडंसं आम्ल पाण्यात विरघळलेल्या हवेतून. वीज नवं काही निर्माण करत नव्हती. जोडलेलं होतं ते सोडवत होती. आम्ल एकीकडे, अल्क दुसरीकडे. १८०६ च्या व्याख्यानात त्याने हे मांडलं. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटलेलं असतानाही, या कामासाठी नेपोलियनने ठेवलेलं पारितोषिक फ्रान्सच्या विद्वानांनी डेव्हीला दिलं.

मग त्याने विचार केला : वीज जोडलेलं सोडवत असेल, तर ज्यांना आजवर कुणी फोडू शकलं नाही, त्यांच्यावर ती का चालवू नये? लाकडाच्या राखेतून मिळणारं पोटॅश हे तेव्हाचं एक नामांकित अल्क. आपल्याकडेही राखेने भांडी घासत, राखेच्या पाण्यात कपडे भिजवत, ते याच क्षारामुळे. ऑक्टोबर १८०७ मध्ये डेव्हीने किंचित ओलसर पोटॅशवर जोरदार चळतीची वीज सोडली. पोटॅश वितळू लागलं, आणि ऋण टोकाशी पाऱ्यासारखे चकाकणारे बारीक थेंब दिसू लागले. काही थेंब तिथेच फुटून पेट घेत होते. त्याच्या मदतीला असलेला त्याचा चुलतभाऊ एडमंड याने पुढे सांगितलं, की हे पाहून डेव्ही आनंदाने खोलीभर नाचत सुटला. तो नवा धातू म्हणजे पोटॅशियम. सुरीने कापता येईल इतका मऊ, पाण्यावर तरंगणारा, आणि पाण्याला स्पर्श होताच जांभळट ज्योतीने पेटणारा. पाठोपाठ सोडियम. पुढच्या वर्षी बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

इथे रसायनशास्त्राच्या एका लाडक्या समजुतीला तडा गेला. फ्रान्सच्या लाव्हाझिएने ऑक्सिजनला नाव दिलं, त्याचा अर्थच 'आम्ल उत्पन्न करणारा'. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो आणि त्याच्यामुळेच आम्लाला आम्लपण येतं, असं त्याचं म्हणणं होतं. लाव्हाझिए १७९४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली गेला, पण त्याचा शब्द प्रमाण मानला जात होता. आता डेव्हीच्या हाती काय लागलं होतं? पोटॅश, म्हणजे आम्लाचा पक्का वैरी, आणि त्यात ऑक्सिजन! मग ऑक्सिजन हा आम्लाचा बाप कसा?

१८१० मध्ये त्याने दुसरा घाव घातला. मिठापासून मिळणाऱ्या आम्लातून एक हिरवट, घुसमटवणारा वायू काढता येतो, हे स्वीडनच्या शीलेने १७७४ मध्ये दाखवलं होतं. त्यात ऑक्सिजन असणारच, असं सगळे धरून चालले होते. डेव्हीने पांढराशुभ्र तापवलेला कोळसा त्या वायूत धरला, पण ऑक्सिजनचा मागमूसही मिळाला नाही. त्याने ठरवलं, की हे मूलद्रव्यच आहे, आणि त्याच्या हिरवट रंगावरून त्याला क्लोरीन हे नाव दिलं. म्हणजे मिठाचं आम्ल, आजचं हायड्रोक्लोरिक आम्ल, हे फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन यांचं बनलेलं. ऑक्सिजनशिवाय खणखणीत आम्ल! सगळ्या आम्लांत समान दिसणारी गोष्ट ऑक्सिजन नव्हती, हायड्रोजन होती. १८३८ मध्ये जर्मनीच्या लीबिगने ते नेमक्या शब्दांत बांधलं : ज्यातला हायड्रोजन धातूने बदलता येतो ते आम्ल. म्हणजे आम्लाची व्याख्या करायलाही धातूला साक्षीला बोलवावं लागलं. शाळेत ज्या यादीच्या मधोमध हायड्रोजन बसलेला असतो, तो तिथे का बसतो याचं उत्तर हेच.

आता समुद्राकडे वळू या.

लाकडी जहाजांच्या काळात खलाशाचे दोन शत्रू पाण्याखाली असत. एक, लाकूड पोखरणारा समुद्री किडा. दिसायला अळीसारखा, पण खरं तर शिंपल्याचा भाऊबंद. भक्कम फळी तो आतून जाळी करून टाकतो. दुसरा शत्रू म्हणजे जहाजाच्या बुडाला चिकटणारं शेवाळ आणि कवचात राहणारे बार्नॅकलसारखे जीव. त्यांची दाढी वाढली की जहाज जड होतं, पाणी कापेनासं होतं, वेग मंदावतो. युद्धाच्या वेळी वेग म्हणजे प्राण. यावर ब्रिटिश आरमाराने उपाय काढला, जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजावर त्याचा प्रयोग झाला. किडा हरला, बूड बरंच स्वच्छ राहिलं. पण १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा एक भलतीच गोष्ट उघड झाली. तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे पार खाऊन गेले होते. जिथे तांब्याचं पॅकिंग करताना गुंडाळलेला तपकिरी कागद चुकून तसाच राहिला होता आणि लोखंड-तांब्याचा स्पर्श झाला नव्हता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. व्होल्टाची चळत अजून सदतीस वर्षं दूर होती. पण समुद्राने ती जहाजाच्या बुडाशी आधीच मांडली होती : दोन धातू, आणि मधे मिठाचं पाणी.

तरी पत्रे मारणं थांबलं नाही. १७८० च्या आसपास सगळ्या आरमाराला तांबं चढलं. लोखंडी खिळे-बोल्ट जाऊन तांब्याच्या मिश्रधातूचे आले. आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानाची जी जहाजं बांधली, त्यांतलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलं आहे. सागवान कितीही टिकाऊ असलं, तरी त्या काळच्या युद्धनौकेच्या बुडाला तांबं हवंच.

पण तांबं महाग, आणि ते समुद्रात झिजत होतं. काही वर्षांत पत्रे चाळणीसारखे होत. तांबं भेसळीचं असावं, असा आरमाराला संशय होता. १८२३ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीचा सल्ला मागितला. सोसायटीचा अध्यक्ष होता सर हम्फ्री डेव्ही.

डेव्हीने पाहिलं, की दोष शुद्धतेचा नाही. समुद्राचं पाणी आंबटही नाही. उलट ते किंचित अल्कधर्मी आहे. पण त्यात मीठ आहे आणि विरघळलेला ऑक्सिजन आहे. हवा काढून टाकलेल्या खाऱ्या पाण्यात तांब्याला काही होत नव्हतं. आजीच्या ताकातलं संगनमत इथेही होतं, फक्त आम्लाच्या जागी मीठ आलं होतं.

उपाय त्याने आपल्याच जुन्या कामातून काढला. तांबं झिजतं ते एका ठरावीक विद्युत स्थितीत असल्यामुळे. ती स्थिती उलटवली तर? तांब्याला जस्त किंवा लोखंडाचा तुकडा लावला, तर तो अधिक क्रियाशील धातू स्वतः झिजेल आणि तांब्याला ऋण करून सोडेल. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, त्यामुळे डेव्हीला तो शब्द ठाऊक नव्हता. आज आपण म्हणू, की जस्त आपले इलेक्ट्रॉन देतं आणि तांब्यावर ते द्यायची पाळी येत नाही. 'अलार्म'वर जे संकट म्हणून घडलं होतं, तेच डेव्हीने मुद्दाम, मोजून-मापून वापरायचं ठरवलं. तिथे तांब्यापायी लोखंडाचा बळी नकळत गेला होता. इथे बळी जाणूनबुजून द्यायचा होता.

जानेवारी १८२४ मध्ये त्याने सोसायटीपुढे निबंध वाचला. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा छोट्या लोखंडी खिळ्याचं टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांबं राखायला पुरतं, हे ऐकून सभा चकित झाली असणार. मग पोर्ट्समथच्या बंदरात भरती-ओहोटीच्या पाण्यात तांब्याचे पत्रे ठेवून चाचण्या झाल्या. रक्षक धातू तांब्याच्या पृष्ठभागाच्या एक चाळिसांशापासून एक दीडशांशापर्यंत असेल, तर तांबं जसंच्या तसं राहत होतं. त्याहून कमी असेल तर थोडं झिजत होतं. डेव्हीचा सहायक मायकेल फॅरेडे याचे हातही या कामात राबले. तोच फॅरेडे, ज्याला त्याच महिन्यात सोसायटीचं सदस्यत्व मिळालं, आणि ज्याच्या निवडीला डेव्हीचा विरोध होता. मोठी माणसंही किती छोटी होऊ शकतात, याचा हा नमुना. असो.

आरमाराला घाई होती. जहाजांना लोखंडी रक्षकपट्ट्या बसू लागल्या. 'समरंग' हे त्यांपैकी एक जहाज, आपल्या कोचीनला बांधलेलं. ते अटलांटिक ओलांडून नोव्हा स्कोशियाला जाऊन आलं, आणि त्याचं तांबं चांगल्या स्थितीत होतं. डेव्हीने स्वतः १८२४ च्या उन्हाळ्यात स्कॅंडिनेव्हियाकडे समुद्रप्रवास करून चालत्या जहाजावर तांब्याची परीक्षा घेतली. सगळं गणित जुळत होतं.

आणि मग इतर जहाजं परत येऊ लागली. तांबं उत्तम. पण त्यावर शेवाळाचं रान आणि बार्नॅकलची वस्ती! काही जहाजं इतकी मंदावली, की कप्तान कावले. १८२५ च्या उन्हाळ्यात आरमाराने दर्यावरच्या जहाजांवरून या पट्ट्या काढायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. इंग्लंडच्या सर्वांत नावाजलेल्या शास्त्रज्ञाची चारचौघांत हेटाळणी झाली.

काय चुकलं होतं? इथेच या गोष्टीचं मर्म आहे. तांबं झिजताना जे बारीक बारीक कण पाण्यात सुटत होते, तेच तांब्याचे विषारी क्षार शेवाळाला आणि शंखशिंपल्यांना बुडावर बसू देत नव्हते. कळकलेल्या आमटीने आपल्याला उलटी होते, तसंच ते समुद्री जीवांना होत असावं म्हणा ना! डेव्हीने तांब्याचं झिजणं थांबवलं, आणि त्याबरोबर त्याचं विषही थांबवलं. झीज हा रोग नव्हताच. झीज हेच औषध होतं.

एवढ्यावर थांबलं नाही. तांबं ऋण झालं, की त्याच्या पृष्ठभागाशी पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि तिथे अल्क तयार होतं. हे तेच, जे १८०६ मध्ये डेव्हीने ऋण टोकाशी पाहिलं होतं. त्या अल्कामुळे समुद्रातला चुना आणि मॅग्नेशिया तांब्यावर पांढऱ्या थराने बसतो. त्या खडबडीत थरावर जीवांना घर करायला आणखी सोपं. डेव्हीने चाचण्यांत हा थर पाहिला होता. रक्षक धातूचं प्रमाण कमी ठेवून, थोडं तांबं झिजू देऊन मध्यममार्ग काढता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. हिशेब तत्त्वतः बरोबर होता. पण उभं जहाज आणि चालतं जहाज, थंड समुद्र आणि उष्ण समुद्र यांना एकच प्रमाण लागू पडेना.

१८२६ च्या अखेरीस डेव्हीला पक्षाघाताचा झटका आला. १८२७ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं, आणि २९ मे १८२९ रोजी, वयाच्या पन्नाशीत, जिनिव्हामध्ये तो वारला. मानहानीने तो गेला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल; तरुणपणी हुंगलेल्या वायूंनीही शरीराची किंमत वसूल केलीच असेल. पण शेवटच्या वर्षांवर या तांब्याची सावली होती, हे खरं.

आरमाराचा प्रश्न पुढे कसा सुटला? १८३२ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मंट्झ याने सुमारे साठ भाग तांबं आणि चाळीस भाग जस्त यांच्या एका पितळेचं पेटंट घेतलं. ते तांब्याहून स्वस्त होतं आणि बूड स्वच्छ राहील इतपतच झिजत होतं. डेव्हीने जस्त तांब्याच्या शेजारी बसवलं होतं. मंट्झने ते तांब्याच्या पोटात घातलं. व्यापारी जहाजांनी ते उचलून धरलं. १८६९ चं प्रसिद्ध 'कटी सार्क' याच धातूने मढवलेलं होतं.

आणि डेव्हीची कल्पना? ती मेली नाही. तिला फक्त योग्य धातू मिळायचा होता. लाकडाच्या जागी लोखंडी आणि पोलादी जहाजं आली, आणि पोलादाच्या झिजण्यात कुणाचाच फायदा नव्हता. १८३७ मध्ये फ्रान्सच्या सोरेलने लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. आपल्या घरातली जस्ती बादली आणि छपराचा जस्ती पत्रा त्याचीच संतती. एक साधी गोष्ट आठवून पाहा. जस्ती बादलीला चरा पडला तरी ती लगेच गंजत नाही, कारण लोखंडाच्या आधी जस्त झिजतं. पण कथलाचा मुलामा असलेल्या तेलाच्या डब्याला चरा पडला, की तो तिथे झपाट्याने गंजतो, कारण तिथे लोखंड अधिक क्रियाशील आणि कथील आरामात. दोन्ही मुलामे सारखेच पांढरे. पण एक मालकासाठी जीव देणारा, तर दुसरा संकटात मालकालाच पुढे करणारा. सगळी मेख यादीतल्या जागेत आहे.

आम्ल-अल्कांची कथाही पुढे सरकत राहिली. 'आयन', 'ॲनोड', 'कॅथोड' हे शब्द १८३४ मध्ये रूढ केले ते त्याच फॅरेडेने. १८८४ मध्ये स्वीडनच्या आऱ्हेनिअसने आपल्या प्रबंधात मांडलं, की क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित आयन मोकळे होतात. आम्लाचं आम्लपण हायड्रोजनच्या आयनांत, अल्काचं अल्कपण हायड्रॉक्सिल आयनांत, हे त्याच विचारातून पुढे आलं. परीक्षकांनी प्रबंधाला जेमतेम गुण दिले. १९०३ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. डेव्हीने सोन्याच्या पात्रांत ज्यांना दोन टोकांना वेगळं केलं होतं, त्यांना अखेर नाव आणि गाव मिळालं.

आज एखादं पोलादी जहाज सुक्या गोदीत चढवलेलं दिसलं, तर त्याच्या बुडाकडे नीट पाहा. ठिकठिकाणी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वड्या बसवलेल्या दिसतील, झिजून झिजून अर्ध्या झालेल्या. त्या झिजतात म्हणून पोलाद टिकतं. हा डेव्हीचा उपाय. आणि त्याच बुडाला जो लालसर रंग दिलेला असतो, त्यात बहुतेक वेळा तांब्याचा ऑक्साइड असतो. तो हळूहळू पाण्यात सुटतो आणि शेवाळाला दूर ठेवतो. हा डेव्हीच्या अपयशाने शिकवलेला धडा. मधल्या काळात कथलाच्या संयुगांचे त्याहून जहाल रंग आले होते. त्यांनी निरपराध शिंपल्यांचं इतकं नुकसान केलं, की २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने ते बंद झाले, आणि जहाजं पुन्हा तांब्याकडे वळली.

मला या गोष्टीत डेव्हीची फजिती दिसत नाही. त्याला जो प्रश्न विचारला गेला, त्याचं त्याने बिनचूक उत्तर दिलं : तांबं कसं वाचवायचं? पण खलाशाला तांबं नको होतं, वेग हवा होता. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. आजही धरण असो, खत असो की औषध, एखादा उपाय कागदावर चोख ठरतो आणि बाहेर भलतंच होतं, तेव्हा मला ते शेवाळलेलं, चकचकीत तांबं आठवतं.

आणि आजी आठवते. तिला क्रियाशीलता श्रेणी माहीत नव्हती, ऑक्सिजन माहीत नव्हता. पण एकाच तांब्याला एका वेळी चिंच लावायची आणि एका वेळी चिंचेपासून जपायचं, हे तिला कळत होतं. भांड्याचा उपयोग काय, हे ती आधी पाहायची. आरमाराने आणि डेव्हीने तो प्रश्न जहाजाच्या बाबतीत आधी विचारला असता, तर पोर्ट्समथच्या गोदीतली ती सारी धावपळ कदाचित टळली असती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)